कुणाचीच नसलेली भाषा

तलवाडा,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अंजूस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. सासूबाईंचा गुडघा बराच बरा आहे, परवा त्या पायी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आल्या. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. तुमच्या साखर कारखान्यातला फिटर रामहरी सुट्टी संपवून रविवारी परत आयव्हरी कोस्टला निघतोय. त्याच्याजवळ कारळाची चटणी, रामप्रसाद भाऊजींचे दोन सदरे आणि हे पत्र देते आहे. पत्र आधी एकटीनं वाच. नंतर भाऊजींना दाखवायचं की नाही ते तू बघ.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘ताई’ म्हणतेस आणि माझं बोलणं भलतीकडेच जातं.

दिवाळीत आपण व्हिडिओवर बोलत होतो. तेवढ्यात तुमच्या कॉलनीतली तेलुगू बाई तापलेलं लेकरू घेऊन तुझ्या दारात आली. तू दुसऱ्या फोनवरून दवाखान्यात बोललीस, फ्रेंचमध्ये, न अडखळता. सासूबाई म्हणाल्या, “बघा, धारूरच्या ऊसतोड्याची लेक. डागदर कसा गुमान ऐकायलाय तिचं.”

मी चहाचं निमित्त करून आत गेले. वीस वर्षं या घरातला प्रत्येक इंग्रजी कागद मी वाचलाय. विम्याचा, बँकेचा, बांधाच्या भांडणात हायकोर्टाचा निकाल आला तोसुद्धा. गल्ली मला मॅडम म्हणते. आणि दहावीला इंग्रजीतच नापास झालेली माझी धाकटी जाऊ परक्या मुलखात डॉक्टरशी बोलते, यानं माझ्या अंगाची आग आग झाली. लेकराला ताप किती होता, हेही मी विचारलं नाही.

म्हणून बाहेर येऊन मी तो प्रश्न विचारला. “फ्रेंच लोक जाऊन पासष्ट वर्षं झाली म्हणे. मग तिथले लोक अजून त्यांचीच भाषा कशाला धरून बसलेत? यांना स्वतःची नाही का?” सगळ्यांसमोर तू गडबडावीस, एवढाच त्यात हेतू होता.

तू म्हणालीस, “साठाच्या वर हायेत, ताई. बाजारात समदे जुला बोलतेत. पण एकीला सरकारी केली की बाकीचे म्हणतील, आमची कावून न्हाई? फ्रेंच कुणाच्याच घरची न्हाई, म्हणून भांडण न्हाई. पुस्तकं, कोर्टाचे कागद, नोकऱ्या, समदं तिच्यातच हाय. बदलायचं म्हंजी लई काम. शेजारच्या काही देशांनी आता तिचा मान काढलाय, पण ती लगेच कुठं जाती?” मग म्हणालीस, “आमची फ्रेंचची मास्तरीण आजून एक सांगती. ज्यांना फ्रेंच येती तेच खुर्चीवर हायेत. समद्यांनाच आली, तर त्यांच्या दारात कोण जाईल?”

तू सहज बोललीस. मला मात्र आमच्या घरातलीच गोष्ट आठवली.

माझे आजोबा मोहनराव गेवराईत उर्दू वाचणारे म्हणून ओळखले जायचे. निजामाच्या काळात अर्ध्या तालुक्याचे कागद त्यांच्याकडे यायचे. त्यांनी सख्ख्या धाकट्या भावालाही उर्दू शिकवली नाही. पुढं कारभार मराठीत आला, कारण इथं बहुतेकांच्या तोंडी मराठीच होती, आणि ओसरी रिकामी झाली. मराठी आली म्हणून हळहळणारा माणूस मी घरातच पाहिलाय. लहानपणी मला त्यांचं हसू यायचं.

आता लिहायचं ते लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या एका संस्थेत शिवणकामाच्या शिक्षणासाठी तू अर्ज केला होतास. त्यांचा मेल माझ्या फोनवर आला, इंग्रजीत. तू पीठ मळता मळता विचारलंस, “ताई, काय लिव्हलंय?” मी म्हणाले, “दहावी पास पाहिजे म्हणतात.”

तसं त्यात काही नव्हतं. तुझ्या नमुन्याच्या शिलाईचं कौतुक होतं. मंगळवारी भेटायला या, राहण्याची सोय होईल, असं होतं. तू “ऱ्हाऊ द्या मग” म्हणालीस आणि पुन्हा कणीक मळायला लागलीस. तू संभाजीनगरला जाणार, कमावणार, आणि मी खाजगी शाळेत चार हजारांवर राबत राहणार, हे मला बघवलं नसतं. दुसरं काही कारण नव्हतं. मी तो मेल पुसून टाकला.

आणि आता तेच पुन्हा केलं. ऋतुजा रोज दुपारी चारला फोनवर तुझ्याकडून फ्रेंच शिकत होती. दार लोटून हसत असायची. माझी पोरगी माझ्याजवळ इंग्रजी शिकायला कधी हसत बसली नाही. ते हसणं मला सोसलं नाही, म्हणून तिची परीक्षा आहे, फोन करू नकोस, असं तुला मी कळवलं. तिची परीक्षा नाही. तिला सांगितलं की काकूला आता वेळ नसतो.

काल तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिनं विचारलं, “काकूला म्हाईत हाय का?” मी नाही म्हणाले. “मंग मला कशाला सांगतीस आदी,” म्हणाली आणि उठून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. आज चार वाजता मात्र तिनं तुला फोन लावला. मी दाराबाहेर उभी होते, दार ढकलून आत गेले नाही.

तू मला माफ कर, असं मी लिहीत नाही. ते लिहायला सोपं आहे. तुझ्याबद्दलचा जळफळाट गेलाय असंही समजू नकोस. ऋतुजाच्या तोंडून फ्रेंच शब्द ऐकले की अजून छातीत कळ येते. पण ती शिकेल. तिला तिकडं यायचं झालं तर तिचे कागद मी भरीन, आणि शेवटी एकदा तूही वाचून घे, मी भरलेत म्हणून विसंबू नकोस.

‘तुझी ताई’ असं लिहायचा हक्क मी ठेवलेला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

सुरेखा