नव्या स्टिरिओवर तुझी प्रार्थना

टोंगातल्या माझ्या आईच्या पायांशी,

सिडनीत सगळे खुशाल. नवा स्टिरिओ लागला! रेडिओ, सीडी, कॅसेट, सगळं एकातच. वायरी जोडताना मेहुणा फिनाऊ म्हणाला, "दाजी, घर पेटवाल!" पण आवाज काय सांगू, चर्चच्या घंटेसारखा खणखणीत.

पहिली तू पत्राऐवजी भरून पाठवलेली कॅसेटच लावली. तुझी प्रार्थना सुरू झाली तशा सगळ्यांच्या माना खाली. प्रार्थना मध्येच बंद कोण करणार? तुझं आमेन येईपर्यंत नारळाच्या दुधातला अळू गार!

हीच कॅसेट जुन्या टेपवर दहादा ऐकली होती. तुझा अर्धवट दाबलेला खोकला मात्र आजच ऐकू आला. कधीपासून आहे गं? डॉक्टरांना दाखव.

आणि पुढची कॅसेट भरताना टेप थांबवून खोकू नकोस. बटणाचा खटका आता इथे ऐकू येतो.

तुझा तेविता