आर्येचं रिकामं पोट

७ जानेवारी, मंगळवार
आर्या मलूल. कुत्रीला वृत्ताचं नाव दिलं तेव्हाच रत्ना हसली होती. ती अजून तिला ‘काळे’च म्हणते. बायकोला छंदाचा कान नाही.
मेहरूणच्या डॉ. यास्मिननी एक्स-रे काढला. यकृताची सावली मोठी दिसते म्हणाल्या. गाठ नेमकी कुठे ते सोनोग्राफीत कळेल, धुळ्याला न्या. यकृताच्या एकाच भागात असली तर कापून काढता येते. पसरली, की मग नाही. घाई करा, आणि नेताना रात्रीपासून उपाशी ठेवा.
माझं मत: गाठबीठ नाही. उतरत्या वयात सावल्या लांबतातच. वर्गात कितीदा शिकवलं हे.

१० जानेवारी, शुक्रवार
निघताना रत्नाने हातावर दही-साखर ठेवली. कामाला निघणाऱ्याला देतातच. पण काम कुणाचं? आर्येचं. मग वाटी तिच्यापुढे धरली. शकुनाने उपास मोडत नाही.
पारोळ्याला चहा-भजी. तिने माझ्याकडे पाहिलं. अशा डोळ्यांवर आम्ही पोरांकडून निबंध लिहून घ्यायचो. चारच भजी दिली.
धुळ्याचे डॉ. हसीब म्हणाले, पोट भरलंय, गॅसच्या आड यकृत लपलंय, मला फक्त तुमची भजी दिसताहेत. परत या.
गाडीवाला हिलाल वाटेत म्हणाला, आबा, भूक तिले लागनी व्हती का तुमले? मी खिडकीबाहेर कपाशीची रानं पाहत बसलो.
संकल्प: पुढच्या वेळी कडक उपास. मीसुद्धा.

१७ जानेवारी, शुक्रवार
उपास पाळला. तिने. मी गोळ्यांपुरती भाकरी खाल्ली.
ती टेबलावर हलत होती. डॉक्टर म्हणाले, हलकी भूल देऊ. मी म्हणालो, काही गरज नाही, अख्खा वर्ग मी कवितेने गप्प बसवायचो. कानाशी वाकून, चालीत म्हणायला लागलो. आर्येने शेपूट आपटलं, उठून उभी राहिली आणि माझा चष्मा चाटला. इतकी दाद मला शाळेत मिळाली नाही.
पडद्यावर नुसतं धुकं. तेवढ्यात डॉक्टरांना डाव्या बाजूला काही दिसलं. बहुधा एकच गाठ आहे, म्हणाले, पण पक्कं नाही. सोमवारी या, भूल देऊनच बघू.
‘बहुधा’! केवढा आशेचा शब्द.

२० जानेवारी, सोमवार
फार थंडी. गेलो नाही. भूल म्हाताऱ्या जिवाला बरी नव्हे.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनानंतर जुन्या विद्यार्थ्यांनी भरीत पार्टी केली. आर्येने अर्धी पुरी खाल्ली. सुधारणा! रत्ना म्हणाली, तीही तिने अंगणात ओकली. बायकांना वाईट तेवढंच दिसतं.
डॉ. यास्मिनचा फोन आला, रागावल्या. थंडी ओसरू द्या म्हणालो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
अखेर धुळ्याला. या वेळी उपासाची काळजीच नव्हती, परवापासून तिने तोंडात काही घेतलेलं नाही. रत्नाने दही-साखर दिली आणि मी खाईपर्यंत समोरून हलली नाही.
भूलही लागली नाही. हललीच नाही. मी कविता म्हटली, तरी नाही.
चित्र अगदी स्वच्छ. डॉ. हसीबनी बोटाने दाखवलं: ही गाठ, ही, ही, इकडे उजवीकडेही. मी विचारलं, मग ऑपरेशन केव्हा? ते म्हणाले, आबा, कापायचं कुठे? त्या सोमवारी यायला हवं होतं. आता तिला आवडेल ते खाऊ घाला.
मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. उपासात अर्थ नाही.
पारोळ्याला भजी घेतली. चांगली पुडाभर. तिने हुंगली आणि माझ्या बुटावर मान टेकली. भजी गार झाली.
घरी रत्नाने दही-साखरेची वाटी तिच्यापुढे सरकवली. घे ना आर्या, म्हणाली.
वाटी तशीच आहे.