सावली तुतीला टेकली होती

हातूर महिन्याची ११, बुधवार

सोमवारी इथे चुकीचं लिहिलं. कबुतरखान्याची सावली तुतीला टेकली नव्हती, असं लिहिलं. टेकली होती! खोडावर चढलीसुद्धा होती. सावली टेकली की सालोमीकाकूची पाण्याची पाळी संपते. म्हणजे फेब्रोनियाने कालव्याची फळी उचलून पाणी आपल्या शेताकडे घेतलं ते स्वतःच्याच पाळीत. काकू उशिरा आली — भाचीकडे भाकरी भाजत बसली होती.

आणि काल चर्चच्या अंगणात, पंचांसमोर, मी वहीतलंच सांगितलं. आमचे पाद्री अबुना मत्ता म्हणाले, "दिम्याना शिकलेली आहे. खोटं बोलायची नाही." आमच्या घराला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले.

फेब्रोनियाने सगळ्यांदेखत काकूच्या डोक्याचं चुंबन घेऊन माफी मागितली. दंड म्हणून तिच्या वडिलांच्या चार पाळ्यांचं पाणी काकूला मिळालं.

१२ हातूर, गुरुवार

काकू गरीब, विधवा; तिच्यासाठी बोलले, असं स्वतःला समजावत होते. खोटं!

वदीअ पूर्वी मला पुस्तकं आणून द्यायचा. त्याचं लग्न फेब्रोनियाशी ठरलं — गिळलं. शेतं तिची, सोनं तिचं, ती हसली की अख्खी गल्ली हसते — तेही गिळलं. पण बायकांत वाचणारी मी एकटी होते. गेल्या रविवारी ती ओट्यावर स्वतःचं नाव गिरवत होती, तो शेजारी बसून शिकवत होता. "अगं, टिंब कुठंय? टिंब खाल्लंस की काय?" दोघं खिदळत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

१३ हातूर, शुक्रवार

मुलींना मोशेच्या नियमशास्त्राचा धडा दिला. "न्याय करताना मोठ्यांचं तोंड बघू नका." त्याच्या आधीचं मुद्दाम गाळलं. वेरोनाने ते मोठ्याने वाचलं — गरिबाचीही बाजू घेऊ नका. "ताई, गरिबाची का नाही?"

"पुढच्या आठवड्यात सांगते," म्हटलं.

येताना नळावर फेब्रोनिया. तोंड चुकवणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "तू पाहिलंस म्हणजे तसंच असणार गं. मीच सावली नीट पाहिली नसेन."

चिडली तरी असती!

१४ हातूर, शनिवार

वदीअची आई आली होती. फेब्रोनियाशी ठरलेलं मोडलं. "पाणीचोर सून नको गं बाई. मला खरं बोलणारी हवी." आणि स्वतःची बांगडी माझ्या हातात चढवली! सोमवारपासून नाताळचे उपवास लागतात, म्हणून साखरपुडा उद्याच संध्याकाळी. आई रडते आहे, हसते आहे.

बांगडी अजून हातात आहे. छान दिसते.

उद्या, रविवार, १५ हातूर. सकाळची प्रार्थना संपली की, पंच पांगायच्या आत, उभी राहून खरं सांगणार.