बांधणाऱ्याने ओढू नये

प्रिय खारुताई,

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर. घरी नको, समोरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात कर. त्यांना सांगून ठेवलंय, त्या मला हाक मारतील. घरच्या फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. तुझा फोन आला की तुझे बाबा माझ्या खांद्याशी येऊन उभे राहतात आणि काकूला नेमकं त्याच वेळी त्या खोलीतल्या कपाटातलं काहीतरी हवं असतं. मी 'सगळं छान' म्हटलं की दोघं असे निवांत होतात, जणू मी कसलीशी परीक्षा पास झाले. मला त्या 'सगळं छान'ची शिसारी आली आहे. म्हणून लिहायला बसले.

तर सरळच सांगते. माझ्या उजव्या छातीत, काखेच्या बाजूला, एक गाठ आहे. झालं, लिहिलं. तुला लग्न होईपर्यंत सांगायचं नाही असं घरात ठरलंय, आणि ठरवताना मीही मान हलवली होती. पोरीच्या आनंदावर विरजण नको, म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं काकू दोनदा म्हणाली. मूठ माझी, आणि झाकणार ही. बसून रडू नकोस. अजून कुणालाच काही माहीत नाही, ती साधी आहे की वाईट आहे ते. तेच तर माहीत करून घ्यायचंय, आणि तेच कुणी करू देत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. तरुण आहेत, तुझ्याहून थोड्या मोठ्या, बोलायला एकदम सडेतोड. त्यांनी तपासलं, फोटो काढायला लावले आणि म्हणाल्या की एक बारीक तुकडा काढून तपासायला हवा, उशीर करू नका. तुझ्या बाबांनी विचारलं, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, ते झाल्यावर केलं तर चालेल ना? त्या म्हणाल्या, चालेल असं मी म्हणणार नाही. इतकं स्वच्छ वाक्य. आणि बाहेर आल्यावर जिना उतरता उतरता तुझे बाबा मला सांगतात, बघ, 'चालणार नाही' असं त्या म्हणाल्या का, नाही ना म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत त्याचं 'डॉक्टर म्हणाल्या चालेल' झालं होतं, आणि संध्याकाळी काकूने धाकट्या काकाला सांगितलं तेव्हा डॉक्टरांनीच म्हणे सुचवलं की लग्न होऊन जाऊ द्या. माणसं खोटं बोलतात त्याचं मला एवढं नाही. पण खोटं असं हातोहात फिरून उबदार होतं आणि मग सगळे त्यावर हात शेकत बसतात, ते बघवत नाही.

आता लग्नाच्या तयारीचं ऐक, म्हणजे माझं डोकं का उठलंय ते कळेल. तुमच्या जेवणाच्या टेबलांवर शोभेसाठी दोरीच्या गाठी ठेवायच्या, ही काकूची कल्पना. दोरीवाल्यांच्या घरचं लग्न, मग लग्नगाठ दिसायला नको का, असं तिचं म्हणणं. इथवर मलाही बरं वाटलं होतं. मी म्हटलं, मी बांधते, चांगल्या दुपदरी गाठी, ओढाल तेवढ्या घट्ट होतील. तर नको, तुम्ही आराम करा. आणि केलं काय, तर पांढरी दोरी गुलाबी रंगात बुडवली, तिची वेटोळी केली आणि ती गोंदाने चिकटवली. खारू, गोंदाने. आपल्या दोरीच्या कारखान्यात. जिथे तुझे आजोबा कच्ची गाठ दिसली तर जेवण सोडून उठायचे, तिथे आता टोपलीभर चिकटवलेल्या गाठी वाळत ठेवल्यात आणि गोंदाचा तो गोड, कुजका वास सगळ्या घरभर. मी एक उचलून दोन बोटांनी ओढली तर हातात नुसती दोरी आली. काकू म्हणाली, अहो ओढायच्या नाहीत त्या, बघायच्या आहेत. दोन दिवस ते वाक्य माझ्या कानातून जात नाहीये. या घरात सध्या सगळंच ओढायचं नाही, नुसतं बघायचं आहे.

एक सांगू, मला गाठ या शब्दाचा कधी कंटाळा आला नव्हता. आयुष्य त्याच्यावर काढलं. तू बंदराच्या कचेरीत लागलीस तेव्हा किती कौतुकाने सांगितलं होतंस, की जहाजाचा वेग मोजतात तो नॉट म्हणजे गाठच. जुने खलाशी म्हणे गाठी मारलेली दोरी मागे पाण्यात सोडायचे, आणि ठरलेल्या वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. मी ते कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटले होते. सुतारकाकांनी लगेच त्यांची रडकथा लावली, की लाकडातल्या गाठीवर रंधा अडकतो आणि शिव्या सुताराला बसतात. किती हसलो होतो त्या दिवशी. आता मी कारखान्यात आले आणि कुणी 'गाठ' म्हणालं की काकू खोकते. माझ्या गाठीला घरात 'ते' म्हणतात. 'तुमचं ते दुखत नाही ना?' असं विचारतात. दुखत नाही. आणि माझं ते कोणत्या वेगाने चाललंय, हे मोजायला कुणाच्या हातात दोरी नाही.

मागच्या आठवड्यात जे झालं ते तुला फोनवर कळलं नसणार. बागेत मुलांना चढायला मोठं जाळं करून द्यायचं होतं, ते काम आपल्याकडे आहे. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, तुझ्या दुधाच्या दातांपासून माहीत आहे: ज्याने गाठ बांधली त्याने ती ओढून बघायची नाही. दुसऱ्याने ओढायची, अंगाचा सगळा भार टाकून, आणि टिकली तर 'खरी' म्हणायचं, सरकली तर 'खोटी'. खोटी म्हटल्यावर बांधणाऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही, मुकाट्याने सोडून परत बांधायची. मी सून म्हणून आले तेव्हा तुझ्या आजोबांना विचारलं होतं, एवढा उपद्व्याप कशाला, माझी मी ओढते की. ते म्हणाले, बांधणाऱ्याच्या हाताला आपली गाठ कुठे कच्ची आहे ते ठाऊक असतं सूनबाई, आणि तो हात नेमका तिथेच जपून ओढतो. मी तेव्हाच त्याची मनाशी खूणगाठ बांधली. माझ्या बांधलेल्या गाठी तू ओढायचीस. दोन्ही हातांनी दोरी धरून पाय वर उचलून लोंबकळायचीस आणि खारीसारखी चिरकत 'खरी, खरी' ओरडायचीस. आणि एकदा चार पाहुण्यांसमोर 'खोटी' म्हणालीस, तेव्हा मला राग आला होता, पण रात्री मी तुझ्या बाबांना म्हटलं होतं की ही पोर कुणाला घाबरणार नाही.

तर त्या जाळ्याचं. गाठी ओढायला ज्या बाई आहेत, त्यांना काकूने गोंदाच्या कामाला बसवलं. मग तुझ्या बाबांनीच जाळं बांधलं आणि बाबांनीच ओढून बघितलं आणि स्वतःलाच शाबासकी देऊन बागेत नेऊन टांगलं. बागेचे साहेब बघायला आले. जाळं किती पक्कं आहे ते दाखवायला हे आपले मधोमध जाऊन बसले, पाय हलवत, राजासारखे. एका कोपऱ्याची गाठ सरकली आणि राजेसाहेब दाणकन खाली. सुदैवाने खाली वाळू होती आणि मुलं अजून यायची होती. उठल्या उठल्या काय म्हणाले असतील? दोरी दमट होती. मग म्हणे जाळं टांगायचा आकडा गुळगुळीत होता. नाचता येईना अंगण वाकडं. गाठ चुकली, एवढं म्हणायला या माणसाची जीभ रेटत नाही. मुलं वर असती तर काय?

संध्याकाळी मी त्यांच्या कमरेला मलम चोळत होते. कण्हत होते बिचारे. आणि कण्हता कण्हता म्हणतात, काही नाही गं, किरकोळ आहे, माझं काय आणि तुझं काय, दोघांचंही लग्न झाल्यावर निवांत बघू. माझा हात तिथेच थांबला. संताप आला, इतका की मलमाची डबी भिंतीवर मारावीशी वाटली. मग त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसले आणि दया आली, आणि दया आल्याचा पुन्हा राग आला. ते वाईट नाहीत, तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंच्या समोर त्यांनी तपासणीची चिठ्ठी तीनदा घडी घालून तीनदा उलगडली, मी बघितलंय. घाबरलेत ते. पण भीती माणसाला इतकं गुळगुळीत करते, की हाताला लागतच नाही. मी चार दिवस त्यांना धरून काही बोलू बघतेय, आणि ते 'हो हो' म्हणत हातातून निसटतात. मला रडणारा नवरा चालेल, भांडणारा चालेल. हा असा गोडगोड हसणारा नको झालाय.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला, मास्तरला, मी अजून काही कळवलेलं नाही, ते तुझं तू सांग. मला तो आवडतो. मागच्या खेपेला घरी आला तेव्हा काकूने त्याला कौतुकाने ती लग्नाची पत्रिका दाखवली, तिच्यावर दोन दोऱ्यांची गाठ काढलेली आहे, आणि तो बराच वेळ बघून हळूच मला म्हणाला की ही ओढली तर सुटेल बहुतेक. मी म्हटलं, बहुतेक नाही, नक्की. माणूस कामाचा आहे. लग्न पुढे ढकलायचं की ठरल्या दिवशी करायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवा, त्यात मी पडणार नाही. माझ्यासाठी रडवेल्या चेहऱ्याने लग्न करू नकोस, आणि माझ्यासाठी मोडूही नकोस.

मी शिंपीणबाईंच्या दुकानातून डॉक्टरीणबाईंना फोन केला. येत्या गुरुवारी सकाळी त्या तुकडा काढणार आहेत. घरात सांगितलेलं नाही, बुधवारी जेवताना सांगेन आणि मग काय व्हायचं ते होऊ दे. कुणी आडवं आलं तर गाठ माझ्याशी आहे. काकूला मी गुलाबी वेटोळ्यांसकट घराबाहेर बसवीन.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं ते. नुसती बातमी कळवायची असती तर चार ओळी पुरल्या असत्या. खारू, ही गाठ मला वसंत सुरू व्हायच्या आधीपासून माहीत आहे. बाबांना मी सांगितलं ते फार नंतर. तोवर रोज आंघोळ करताना मी स्वतःच बोटांनी चाचपायची आणि स्वतःच ठरवायची, की कालच्याएवढीच आहे. मलम चोळताना माझा हात थांबला तो एवढ्यासाठी. मी ज्या माणसाला मनात शिव्या घालत होते, त्याने बांधून स्वतःच ओढलं, आणि मी तरी दुसरं काय करत होते? जिथे कडक लागते तिथे मी बोट अलगद ठेवते, हे मला त्या क्षणी कळलं. सगळ्यांची किळस करून झाली आणि शेवटी ती माझ्यावरच येऊन थांबली. म्हणून तू ये. बुधवारी रात्रीच्या गाडीने ये आणि गुरुवारी माझ्या शेजारी उभी राहा. मला धीर द्यायला नको, त्याला घरात माणसं आहेत. डॉक्टरीणबाई काय सांगतील ते मला नीट ऐकू येणार नाही, आणि तुझ्या बाबांना येईल ते त्यांना हवं तेच येईल. तू ऐक. उलटसुलट विचारून घे, सगळा भार टाकून विचार. आणि मग जे असेल ते माझ्या तोंडावर सांग, जसं लहानपणी पाहुण्यांसमोर सांगितलंस तसं. मी तोंड वाकडं करणार नाही.

तुझीच वाट बघणारी,
आई