जन्मभर टिकणारं पंजा-मशीन

५ मार्च १९८४
मुंबईच्या प्रदर्शनात पाहिलेलं मशीन डोक्यातून जात नाही. काचेच्या पेटीत बाहुल्या. वरून लोखंडी पंजा येतो, बाहुली उचलतो, बाहेर टाकतो. पण तकलादू काम. मी बनवीन ते जन्मभर टिकेल. चौदा एप्रिलला, जयंतीला, आपल्या कॉलनीच्या मंडपात लावायचंच. कारखान्यात स्टोअरकीपर आहे मी. मटेरियल कळतं.

११ मार्च
पंजा मिळाला! निफाडला लताच्या माहेरी, सासूबाईंकडे, विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ होता. म्हणाल्या, जावईबापू, ह्यो एकदा धरला का सोडत नाय. याला म्हणतात क्वालिटी.

१८ मार्च
गळ वर ओढायला चाक हवं. लताच्या शिलाई मशीनचं काढलं. थोड्या दिवसांचा प्रश्न. जयंतीची पांढरी पोलकी शिवायला आलीयत, घर निम्मं त्यावर चालतं, वगैरे म्हणत होती. समजूत घातली.

२५ मार्च, रविवार
दोरी अडकवायला चाकाला भोक पाडलं. शेजारी बारीक रेघ दिसते. रंगाची असावी. बीडाच्या ओतीव लोखंडाला काय होतंय?

३ एप्रिल
रेघ लांबली. उन्हाने रंग तडकतो. लता हातानेच शिवतेय. बोटं सुजलीयत. म्हणाली, चाक द्या हो, पाया पडते. फार वाईट वाटलं. जयंती झाली की पहिलं काम तेच. खेळणी कमी पडतात म्हणून मुलीची बाहुली पेटीत ठेवली. ती रडली. लहान आहे.

१४ एप्रिल
मंडपात ही गर्दी! गळाने पहिल्याच खेपेला बाहुली धरली. मुलीचीच. टाळ्या पडल्या. मग गळ सोडेना. जोर लावला. चाकाचे दोन तुकडे.
शेजारच्या सुलाबाई जुन्याच पोलक्यात आल्या होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लताला म्हणाल्या, राहू दे गं, नवं पुढच्या वर्षी घालीन. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
गळाला मात्र ओरखडा नाही. नोंद असावी.

२२ एप्रिल, रविवार
चाकाला वेल्डिंग करून आणलं. पायडल मारताच पुन्हा तुटलं. बाहुली अजून गळातच आहे. मुलगी पेटीजवळ बसून जेवते.
लताला म्हटलं, मी मदत करतो. सुलाबाईंच्या पोलक्याला हुक लावले. एकदम मजबूत. तिने एकेक ओढून बघितला. दोन हातात आले.
बाकीचे टिकतील.