गुंतवळाचं चित्र

अंबरनाथ पश्चिम,
डिसेंबर १९५६

प्रिय वृंदा,

डाव्या कानाला दडे बसल्याचं तुझं पत्र पोचलं. औषध विचारलं आहेस. आधी आमच्या घरातल्या कलेचं ऐक, कारण मला दोन्ही दुखणी एकच वाटू लागली आहेत.

उन्हाळ्यात शिरगावच्या खाणीत काळा दगड फुटला आणि आतल्या पोकळीत पांढरे स्फटिक निघाले. खाणीतल्या बुधाजीने तो लगेच पालथा घातला. "साहेब, दगडाच्या पोटातलं उघडं ठेवू नये," म्हणाला. साहेब म्हणजे तुझे भावजी. त्यांनी तो उताणा करून घरी आणला, आणि त्या दिवसापासून त्यांचे चित्रांचे रंग-ब्रश सुटले. डोंगर लाखो वर्षांत करतो ते आपण चार महिन्यांत करायचं, हीच म्हणे उद्याची चित्रकला! मागच्या पडवीत काळी फरशी तिरकी टेकवली आहे आणि वरच्या भोक पाडलेल्या गडूतून तिच्यावर तुरटीचं पाणी ठिबकतं. शंकराच्या अभिषेकासारखंच, फक्त पुण्य नाही. पहिली फरशी चौकटीसाठी निर्वासितांच्या कॅम्प चारला नेली, तर तिथला सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, तस्वीर है या दीवार को लोना लगा है?" ओल्या भिंतीला फुटतो तो क्षार म्हणे! मी आठवडाभर हसत होते.

दुसऱ्या फरशीला हसता आलं नाही. खडीसाखरेला दोरा लागतो, तसं या स्फटिकांनाही काहीतरी धरायला लागतं. दोरे कुजायचे. मग गणपतीला आलीस तेव्हा आरशामागे खोचून गेलेलं तुझं गुंतवळ ह्यांना सापडलं. केस वेडेवाकडे चिकटवले, आकार कुणीच काढला नाही. तरी कपाळ आलं, नाक आलं, हनुवटीवरची तुझी खळीसुद्धा आली.

दसऱ्याला डाव्या पापणीवर पांढरं चढलं आणि मागोमाग तुझं पत्र, डाव्या डोळ्याला धुरकट दिसतं म्हणून. दिवाळीच्या साफसफाईत मी फडकं मारलं, जबड्याचा एक कण पडला. तू लिहिलंस, जेवता जेवता दाढ निखळली. मागच्या आठवड्यात डावा कान भरला. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, कलेत योगायोग चालतात. बायकोची अक्कल तेवढी चालत नाही. परवा मी गडू काढून घासून फडताळात ठेवला. फरशी तरी ओलीच आहे आणि वाढतेच आहे.

वृंदे, आज फरशीवरचे ओठ मिटले. म्हणून हे पत्र. मिळाल्याबरोबर तुझ्या गुरुदत्तरावांना शेजारी बसव आणि मोठ्याने वाच. आवाज फुटला तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, वेडी म्हण. नाही फुटला, तर त्यांना लिहायला सांग, हातोडा घालू की तसंच राहू देऊ? एका कणाला दाढ गेली, म्हणून माझा हात उचलत नाही. पण उत्तराला उशीर नको. पत्र लिहायला बसण्याआधी पडवीत जाऊन आले, नाकपुड्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागलंय.

तुझीच, तुझ्या आवाजाची वाट बघणारी,
सुनंदाताई