सेड्रिक पेटिबोन यांच्या डाव्या गुडघ्याबाबत

प्रति,
मा. दुखापत नोंद अधिकारी,
ग्रेट लेक्स व्यावसायिक बास्केटबॉल संघटना,
मुख्य कार्यालय, शिकागो.

विषय : खेळाडू श्री. सेड्रिक पेटिबोन यांच्या नावावरील गुडघेदुखीच्या एकोणीस नोंदी ३० जूनपूर्वी रद्द करण्याबाबत.

संदर्भ : टोलीडो हेरॉन्स संघाचे फेब्रुवारी ते एप्रिलचे दुखापत अहवाल (माझ्या सहीचे).

महोदया,

मी लेस्टर नागी, सदर संघाचा शरीरोपचारक. बावीस वर्षे खेळाडूंचे घोटे बांधणे, पाठी चोळणे आणि कोण का खेळू शकत नाही याचा अहवाल सामन्याआधी आपल्याकडे धाडणे, ही माझी कामे.

१. श्री. पेटिबोन (वय ३४) गुडघेदुखीमुळे एकोणीस सामने खेळू शकले नाहीत, असे मी कळवले. त्यांचा गुडघा तेव्हाही ठणठणीत होता, आजही आहे. नोंद खोटी असून ती मी केली.

२. गुणतक्त्यात तळाच्या संघांना जूनच्या सोडतीत नवा खेळाडू आधी निवडण्याची संधी जास्त, हा नियम आपल्याच कार्यालयाचा आहे. यंदा आयोवाचा एक सात फुटी खेळाडू येणार होता आणि आमचे व्यवस्थापक श्री. लुट्झ यांना तो हवाच होता. ते मला म्हणाले, "लेस, आपण हरायला खेळत नाहीये. जिंकून देणाऱ्यांना जरा बसवतोय, एवढंच." एक गोष्ट नोंदवून घ्यावी, ही विनंती. मैदानात उतरलेला आमचा एकही खेळाडू मुद्दाम हरला नाही. ती पोरे जीव तोडून खेळली. हरण्याचे काम आम्ही दोघांनी कागदावर उरकले.

३. अहवालात कोणता अवयव, कोणती बाजू, लक्षणे काय, असे रकाने असतात. धडधाकट माणसाला दुखणे कुठून आणायचे? मी माझेच दिले. डावा गुडघा, जिना चढताना कळ, थंडीत सूज. वर्णन पटण्याजोगे होते, कारण ते खरे होते; फक्त माणूस वेगळा होता. त्यांच्या आणि माझ्या डाव्या गुडघ्याचे अहवाल सोबत जोडले आहेत, ताडून पाहावेत.

४. श्री. पेटिबोन पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर आडवे झाले नि म्हणाले, "डॉक, तुझ्या हाताला काही लागतंय का? मला तर काहीच जाणवत नाहीये." मी डॉक्टर नाही; ही मुले प्रेमाने तसे म्हणतात. मी म्हणालो, "सुरुवातीला जाणवत नाही." बावीस वर्षांत या हातांनी केलेले हे सर्वांत वाईट काम होय.

५. त्यांचा आमच्याशी करार संपला आहे. फोर्ट वेनच्या संघाने त्यांना बोलावून पळवून पाहिले, उड्या मारायला लावल्या. सगळे उत्तम. मग त्या संघाच्या डॉक्टरांनी आपल्या कार्यालयाची दुखापत नोंदवही उघडली. दुखते का, असे विचारल्यावर श्री. पेटिबोन खरे तेच बोलले, की नाही दुखत. डॉक्टरांनी शेरा मारला : 'दुखणे लपवतो.' १ जुलैपासून नवे करार होतील. या वयाच्या खेळाडूला त्यानंतर कोणी विचारत नाही. गेल्या मंगळवारी त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "डॉक, जिन्यात कळ आल्यासारखं वाटलं रे. तू आधीच ओळखलं होतंस." महोदया, ते माझे आभार मानत होते.

६. आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो. आपल्या नियमानुसार तळाच्या तिन्ही संघांना सोडतीत सारखीच संधी असते. अकरा सामन्यांनंतर आम्ही त्या तिघांत पक्के झालो, पुढे हरून काहीच मिळणार नव्हते. श्री. लुट्झ स्वतः म्हणाले, "बस झालं, सोड आता त्याला." उरलेल्या आठ नोंदी मला कोणीही करायला सांगितल्या नव्हत्या. गुडघा एका दिवसात बरा झाला असता, तर आपण पहिल्या अकरा नोंदींबद्दल विचारले असते, म्हणून मी भीतीपोटी तो दुखता ठेवला. (सोडतीत आम्हाला चौथा क्रमांक मिळाला. आयोवाचा खेळाडू दुसरीकडे गेला.)

तरी एकोणीसही नोंदी खोडून तसे पत्र सर्व संघांस मुदतीत पाठवावे. माझा परवाना सोबत जोडला आहे, तो परत पाठवू नये. चौकशीत वेळ जाणार असेल तर शिक्षा आधी द्यावी, चौकशी मागाहून करावी. माझी हरकत नाही.

त्या आठ सामन्यांतला शेवटचा सगिनॉला, म्हणजे श्री. पेटिबोन यांच्या गावी होता. त्यांच्या आई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि सेड्रिक साध्या कपड्यांत बाकावर होते. मध्यंतरात बाईंनी मला हाताशी धरून विचारले, "फार दुखतं का रे माझ्या पोराला? मला काही सांगत नाही तो." मी म्हणालो, "थोडंसं."

आपला नम्र व कसूरदार,
(सही)
लेस्टर नागी
टोलीडो, १९ जून